खटल्याचे दप्तर आणि माणसाचे नाव

मुलीचे स्थळ ठरविताना, घरात बिऱ्हाडकरू ठेवताना, धंद्यात भागीदार घेताना किंवा गृहनिर्माण संस्थेचा कारभार एखाद्याच्या स्वाधीन करताना त्या गृहस्थाच्या पूर्वायुष्यात काही फौजदारी प्रकरण घडले आहे की काय, हे जाणून घ्यावेसे वाटणे ही काही अनुदार वृत्तीची खूण नव्हे; परंतु ती इच्छा मनात धरून जो मनुष्य पोलीस ठाण्याची पायरी चढतो आणि ‘अमुक इसमावर काही गुन्हे दाखल आहेत काय, एवढेच सांगा’ असे ठाणे अंमलदारास विचारतो, त्याच्या पदरी बहुधा निराशाच पडते. अंमलदार उर्मट असतो असे नव्हे. एका त्रयस्थाने विचारले म्हणून दुसऱ्या माणसाचा गुन्हेगारीचा खतावणीवजा गोषवारा त्याच्या हाती ठेवण्याची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत काउंटीच्या न्यायालयातील कारकुनाकडे जाऊन, नाव आणि जन्मतारीख सांगून, ‘फेलनी’ या वर्गातील गंभीर गुन्ह्यांची नोंद पुष्कळ ठिकाणी कोणालाही काढता येते, आणि तेथील चित्रपट व मालिका पाहून आपल्याही लोकांचा असा समज झालेला असतो की येथेही कोठेतरी तसा एक चोपडा असलाच पाहिजे. तसा चोपडा पोलिसांजवळ आहे, जनतेसाठी नाही. आपल्याकडे जनतेला जे दप्तर पाहता येते ते माणसाच्या नावाने लावलेले नसून खटल्याच्या नंबराने लावलेले आहे, आणि ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याचे पुढील निम्मे हेलपाटे वाचतात.

याचा अर्थ आपली फौजदारी न्यायव्यवस्था पडद्याआड चालते असा मात्र नाही. फौजदारी न्यायालय हे खुले न्यायालय होय, आणि जागा असेल तोवर कोणाही माणसाने तेथे जाऊन कामकाज ऐकावे, हे तत्त्व जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. या तत्त्वाची सर्वांत गाजलेली चर्चा आपल्या मुंबईतूनच निघाली. एका अब्रुनुकसानीच्या दाव्यातील साक्षीदाराची जबानी वृत्तपत्रांनी छापू नये असे मुंबई उच्च न्यायालयाने तोंडी फर्मावले, त्यावर नरेश श्रीधर मिरजकर या पत्रकाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 1966 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने असा निवाडा दिला की खुली सुनावणी हा न्यायदानाचा प्राण असला तरी न्यायाच्याच हितासाठी क्वचित प्रसंगी तिला मर्यादा घालण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मिरजकर हरले, परंतु तत्त्व मात्र ठळकपणे लिहिले गेले. तथापि दरवाजा उघडा असणे वेगळे आणि कपाट उघडे असणे वेगळे. सुनावणी कोणीही ऐकावी; कागद मात्र कोणाला, कोणता, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या रीतीने द्यावा, याचे निरनिराळे नियम आहेत.

पहिला कागद म्हणजे प्रथम खबर, जिला आपण सारे एफ.आय.आर. म्हणतो. हिची नक्कल फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते, आणि नव्या संहितेने पीडित व्यक्तीसही तो हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. ‘उद्या या, साहेबांची सही व्हायची आहे’ हे उत्तर ऐकून मुकाट्याने परत फिरणाऱ्या फिर्यादीस आपण आपलाच हक्क सोडून चाललो आहोत याची जाणीव नसते. आरोपीस आणि इतर नागरिकांस पूर्वी ही प्रत मिळविणे फार जिकिरीचे होते. परंतु यूथ बार असोसिएशनच्या अर्जावर 7 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की प्रत्येक प्रथम खबर चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढविली जावी, दळणवळणाची अडचण असेल तेथे फार तर बहात्तर तास लागावेत, आणि लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी अशा नाजूक प्रकरणांतील खबर तेवढी वगळावी. ती वगळण्याचा निर्णयही उपअधीक्षकापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने घेऊ नये. त्यामुळे आज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखांची मुदत भरली की त्या ठाण्यात त्या काळात नोंदलेल्या व प्रसिद्ध केलेल्या खबरी घरबसल्या वाचता येतात.

अशी एखादी खबर वाचण्याचाही एक रिवाज आहे. माथ्यावर जिल्हा, ठाणे, वर्ष आणि गुन्हा रजिस्टर नंबर असतो, ज्याला ठाण्यात आणि कोर्टात सर्वत्र ‘गु.र.नं.’ म्हणतात, त्याखाली कलमे, घटनेची वेळ, ठाण्यास खबर मिळाल्याची वेळ आणि उशीर झाला असल्यास त्याचे कारण. शेवटी ‘मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की’ अशा ठराविक प्रारंभाने सुरू होणारी हकीकत येते, जिच्यात पूर्णविराम शोधूनही सापडत नाही. नवखा वाचक त्या हकीकतीतच गुंतून पडतो. जाणता वाचक आधी गु.र.नं., ठाणे आणि वर्ष या तीन गोष्टी टिपून घेतो, कारण पुढे न्यायालयात जो माग काढावयाचा तो याच तिघांच्या बळावर. आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे की खबर म्हणजे एका पक्षाचे म्हणणे; तिच्यात ज्याचे नाव आले तो गुन्हेगार ठरला असे नव्हे, त्याच्याविरुद्ध कोणीतरी तक्रार केली एवढेच त्यावरून सिद्ध होते.

तपास पुरा झाला की पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, किंवा गुन्ह्याचा तपास निष्फळ ठरल्याचा अहवाल पाठवितात. या दुसऱ्या प्रकारास आपल्या इलाख्यात ‘समरी’ म्हणण्याची जुनी वहिवाट आहे: गुन्हा खरा परंतु आरोपी अगर पुरावा मिळत नाही ती ‘ए समरी’, फिर्याद द्वेषबुद्धीने खोटी दिली ती ‘बी समरी’, आणि गैरसमजातून अथवा दिवाणी स्वरूपाच्या तंट्यातून दिलेली फिर्याद ती ‘सी समरी’. एखाद्याविरुद्धच्या खबरीची प्रत मिळवून त्याची गावभर बदनामी करणारे लोक त्या खबरीची पुढे ‘बी समरी’ झाली होती, हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतात.

दोषारोपपत्राची गोष्ट निराळी. प्रथम खबर जर संकेतस्थळावर येते, तर दोषारोपपत्र का येऊ नये, असा प्रश्न पत्रकार सौरव दास यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याचे उत्तर नकारार्थी मिळाले. दोषारोपपत्र व त्यासोबतची कागदपत्रे ही साक्षीपुराव्याच्या कायद्यात अभिप्रेत असलेली सार्वजनिक दस्तऐवजे नव्हेत, आणि ती सरसकट प्रसिद्ध केल्यास आरोपी, फिर्यादी, पीडित या सर्वांच्याच हक्कांना बाध येईल, असे न्यायालयाने म्हटले. आरोपीला मात्र ही कागदपत्रे विनामूल्य मिळालीच पाहिजेत; नव्या संहितेप्रमाणे तो न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि पीडित व्यक्तीने वकील दिला असल्यास तिलाही. ज्या पेटाऱ्यात पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय दाखले आणि हल्ली शेकडो पानांचे दूरध्वनीचे तपशील कोंबलेले असतात, तो जगासमोर उलटा करून ओतण्याने सत्यापेक्षा कुचाळकीचेच भले होईल, असे मलाही वाटते.

आता न्यायालय. प्रकरण दाखल झाले की त्याला न्यायालयाचा स्वतंत्र नंबर पडतो. दंडाधिकाऱ्यांपुढील नियमित खटला असेल तर ‘आर.सी.सी.’, संक्षिप्त असेल तर ‘एस.सी.सी.’, सत्र न्यायालयात असेल तर ‘सेशन केस’, आणि त्यापुढे क्रमांक व वर्ष. याखेरीज देशातील प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांचा एक सी.एन.आर. क्रमांक असतो, ज्यात आरंभीची अक्षरे राज्य व जिल्हा दर्शवितात आणि अखेरचे चार अंक वर्ष. हा क्रमांक हाती असला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणासही, कसलेही शुल्क न भरता, त्या खटल्याची अवस्था, पुढील तारीख, आजवरच्या तारखांचा तपशील आणि चढविले असल्यास आदेश व निकाल पाहता येतात. हा क्रमांक नसेल तर खटल्याच्या नंबरावरून, वकिलाच्या नावावरून, ठाणे व गु.र.नं. यांवरून, किंवा पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो.

शेवटचा मार्ग सर्वांना सर्वांत सोपा वाटतो, आणि तोच सर्वांत फसवा. पुणे जिल्ह्यात पाटील आडनावाचा कोणी संजय शोधावयास निघालेला मनुष्य त्या नावाच्या इतक्या इसमांच्या खटल्यांपुढे येऊन उभा राहील की त्यांतला आपला कोणता हे ओळखणे दुरापास्त व्हावे. कारण शोधाच्या यादीत वडिलांचे नाव, वय, पत्ता यांपैकी काही दिसेलच असा भरवसा नाही. त्यातून नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली, आणि ‘चौधरी’ हे एकच आडनाव कारकुनाच्या लहरीप्रमाणे तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले. शोधही एकेका न्यायालय-संकुलापुरता आणि एकेका वर्षापुरता घ्यावा लागतो. पुण्यात शिवाजीनगरचे कोर्ट धुंडाळले म्हणून बारामतीचे किंवा मुंबईच्या किल्ला कोर्टातले प्रकरण त्यात येत नाही. नेमणुकीपूर्वी उमेदवाराची ‘पार्श्वभूमी तपासून देतो’ म्हणणाऱ्या खाजगी कंपन्यांनाही सामान्यतः याच जाळ्यात हात घालावा लागतो. तेव्हा त्यांच्या अहवालातील नामसाधर्म्याने एखाद्या निरपराध माणसाची नोकरी जाऊ शकते, हे अशा अहवालावर विसंबणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. नाव जुळले एवढ्यावर थांबू नये. प्रत्यक्ष निकालपत्रात आरोपीचे वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेले असते, ते ताडून पाहावे.

निकालपत्र मिळविण्याचा राजमार्ग म्हणजे नक्कल. संकेतस्थळावरची प्रत वाचावयास पुरते. परंतु कोठेही पुरावा म्हणून दाखल करावयाची तर सहीशिक्क्याची नक्कलच लागते. त्यासाठी त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट, खटल्याचा नंबर, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख, कोणत्या कागदाची नक्कल पाहिजे त्याचे नेमके वर्णन आणि आपला त्या प्रकरणाशी संबंध. ‘संपूर्ण केसची नक्कल मिळावी’ असा मोघम अर्ज करणाऱ्याचा अर्ज पडून राहतो, किंवा त्याला भलताच खर्च पडतो; निशाणी क्रमांक घालून ‘निकालपत्र’, ‘निशाणी 1 वरील आदेश’, ‘अमुक तारखेचा रोजनामा’ असे मागणाऱ्याचे काम लौकर होते. रोजनामा हा या साऱ्यांत उपेक्षित परंतु मोठा उपयुक्त कागद. कोणत्या तारखेस आरोपी हजर होता, कोणत्या तारखेस साक्षीदार आला नाही, कोणी मुदत मागितली, याचा तारीखवार वृत्तांत त्यात असतो, आणि एखादा खटला इतकी वर्षे का रखडला याचे उत्तर निकालपत्रापेक्षा त्यातच अधिक स्पष्ट सापडते.

नक्कल हाती आली की प्रथम तिच्यावरील शिक्का पाहावा. त्यावर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची, अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. त्या केवळ दप्तरी शिष्टाचार नव्हेत. सत्र न्यायालयात अपील करावयास तीस दिवस आणि उच्च न्यायालयात साठ दिवस अशी सर्वसाधारण मुदत आहे, आणि नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीतून वजा होतो. म्हणून त्यांतली एक तारीख पुसट असली तरी जुना वकील नक्कल तिथल्या तिथे परत करून ती ठळक लिहून घेतो. शिक्षा झालेल्या आरोपीस निकालाची प्रत तर विनामूल्य व तात्काळ द्यावी लागते, तिला अर्जाची वाट पाहावी लागत नाही.

खटल्याशी संबंध नसलेल्या त्रयस्थाचे काय? निकालामुळे ज्याच्यावर काही परिणाम होतो त्याला शुल्क भरून प्रत मागता येते, आणि ज्याच्यावर काहीच परिणाम होत नाही अशालाही प्रत देण्याचे नियम करण्याचा अधिकार संहितेने उच्च न्यायालयांना दिला आहे. निकालपत्र सोडून इतर कागद मागावयाचे तर त्रयस्थाने आपले प्रयोजन लिहून द्यावे आणि न्यायालयाने ते पाहून आदेश करावा, असा सामान्यतः प्रघात आहे. इथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागितल्या पाहिजेत, माहितीच्या अधिकाराचा आडमार्ग तेथे चालावयाचा नाही. त्या कायद्यात कारण सांगावे लागत नाही, नियमांत सांगावे लागते. सारा झगडा एवढ्याचाच होता. माझ्या मते कारण विचारण्यात गैर काही नाही. गैर आहे ते नक्कल विभागातील माणसांची वानवा, आणि तीमुळे साध्या निकालपत्रासाठीही पक्षकारांना घालावे लागणारे खेटे.

काही कागद मात्र कोणत्याही प्रयोजनाने मिळत नाहीत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा स्वतःच गुन्हा आहे, आणि अशा खटल्यांची सुनावणीही बंद दाराआड होते. अठरा वर्षांखालील मुलांच्या प्रकरणांत 2015 चा बाल न्याय अधिनियम याहून पुढे जातो. मुलाचे नाव प्रसिद्ध करता येत नाही, आणि काही गंभीर अपवाद सोडल्यास अपिलाची मुदत संपल्यावर त्याच्या अपराधाच्या नोंदी नष्ट केल्या जाव्यात, म्हणजे वयात आल्यावर त्याच्या माथी तो डाग राहू नये, असा त्याचा दंडक आहे. 2018 साली लैंगिक गुन्हेगारांची जी राष्ट्रीय सूची सिद्ध झाली तीही पोलीस यंत्रणेपुरतीच आहे. अमेरिकेप्रमाणे आपल्या आळीत कोण राहतो हे तीत पाहण्याची मुभा नागरिकांस नाही.

मनुष्याच्या नावाने फौजदारी दप्तर सर्वांसमोर उघडणारा एक ढळढळीत अपवाद मात्र आपल्याकडे आहे, आणि तो मतदारांसाठी आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या प्रकरणात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची पार्श्वभूमी जाणण्याचा मतदारांचा हक्क मान्य केला, आणि पुढील वर्षी तो आणखी पक्का झाला. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात प्रलंबित खटले व झालेल्या शिक्षा लिहून द्याव्या लागतात, आणि आज लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. 2018 च्या निवाड्याने उमेदवारांना ही माहिती वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरून जाहीर करावयास लावली. 2020 च्या निवाड्याने पक्षांना, स्वच्छ माणूस सोडून हाच का निवडला, याची कारणेही प्रसिद्ध करण्याचा हुकूम केला. ती कारणे वाचण्यासारखी असतात: ‘लोकप्रिय’, ‘खटले राजकीय सूडबुद्धीचे’ हेच शब्द फिरून फिरून भेटतात. भाडेकरूची माहिती ठाण्यात देऊनही त्याबद्दल काही न कळणाऱ्या घरमालकाला आपल्या आमदाराचे गुन्हे मात्र खटल्याच्या नंबरासकट वाचावयास मिळतात, ही व्यवस्था वरकरणी चमत्कारिक वाटली तरी तर्काला धरून आहे.

स्वतःसंबंधीचा दाखला मिळविणे मात्र सोपे झाले आहे. नोकरीसाठी लागणारी चारित्र्य पडताळणी महाराष्ट्र पोलिसांकडे आणि परदेशगमनासाठी लागणारा पोलीस दाखला पारपत्र कार्यालयाकडे मागावा लागतो, आणि अर्ज ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. म्हणून ज्याला भागीदाराची किंवा नोकराची खात्री करून घ्यावयाची असेल त्याने चोरून चौकशी करण्यापेक्षा त्यालाच असा दाखला आणावयास सांगावा, हा माझा अनुभवसिद्ध सल्ला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील रीत उलट भासते: राज्यांचे खटले काउंटीच्या न्यायालयात, केंद्रीय खटले ‘पेसर’ नावाच्या यंत्रणेत दर पानास दहा सेंट भरून पाहावयाचे, परंतु कंपनीमार्फत नोकरीच्या उमेदवाराची तपासणी करावयाची तर 1970 च्या कायद्याप्रमाणे त्याची लेखी संमती तेथेही लागते.

एक गोष्ट राहिली, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने सारा खटाटोप फुकट गेलेला मी पाहिला आहे. दंडाधिकाऱ्याने दोषी ठरविल्याचे निकालपत्र हाती आले म्हणजे शोध संपत नाही. त्यावर सत्र न्यायालयात अपील झाले असेल, तेथून प्रकरण उच्च न्यायालयात गेले असेल, आणि कदाचित तेथे आरोपी निर्दोष सुटला असेल. खालच्या निकालपत्राच्या नकलेवर याचा मागमूसही नसतो. म्हणून वरच्या न्यायालयातही त्याच नावाचा व खालच्या खटल्याच्या नंबराचा शोध घ्यावा. उच्च न्यायालयाची अशी चौकशी करताना जिल्हा कोणत्या खंडपीठाकडे येतो हे आधी पाहावे: विदर्भाचे जिल्हे नागपूरकडे, मराठवाड्याचे छत्रपती संभाजीनगरकडे, गोव्याचे कामकाज पर्वरीस, आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे कोल्हापूरच्या परिक्रमा खंडपीठाकडे. त्यापूर्वीच्या अपिलांना नंबर मुंबईतच पडलेले असल्याने, या सहा जिल्ह्यांतील जुन्या प्रकरणाचा माग काढणाऱ्याने आधी मुंबईची यादी पाहावी आणि मगच कोल्हापूरची.